विचारलं तर नाही म्हणायचं

गंजावरची झाकणी चुलीपाशी पडली आणि गोल गोल फिरत राहिली. एवढीशी पितळी झाकणी. पण भरदुपारी सगळं घर चिडीचूप असताना तिचा आवाज मैनाच्या डाव्या डोळ्यामागं जाऊन बसला, आणि चुलीपाशी झाकणी थांबली तरी तिथं ती फिरतच राहिली.

"माय, मीच पाडली," मंगली दारात उभी राहून कुजबुजली. सहा वर्षांची पोर, पण मायचं डोकं उठलं की कुजबुजून बोलायचं, पाय घासायचे नाहीत, खोकला आला तर घरामागच्या सांदवाडीत जाऊन खोकायचं, हे ती चालायला शिकली तेव्हाच शिकली होती.

धानाच्या ढोलीआडच्या अंधारात मैना ओलं फडकं कपाळाला आवळून पडली होती. सासूनं दाराच्या फटीत पोतं खोचलं होतं, तरी छपराच्या कवेलूंच्या सांदीतून उन्हाची एक काडी आत यायचीच. तेवढ्या काडीचाही तिला मार लागायचा. बाहेर तलावाच्या पाळीवर झिंगे वाळत होते आणि वारा त्यांचा वास घरात आणून टाकत होता. ढिवराच्या घरची सून. मासळीच्या वासातच जन्मली, त्यातच वाढली. पण डोकं उठलं की तोच वास तिच्या पोटातलं सगळं ढवळून वर काढी.

हे दुखणं तिला लग्नाच्या आधीपासून होतं. अर्धशिशी म्हणत. कोणी म्हणे, सूर्य उगवायच्या आत गूळ-दूध खा. कोणी बिब्ब्याचा चटका दिला, त्याचे काळे डाग अजून कानशिलावर होते. पुजाऱ्यानं दोरा बांधला. गुणाबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, सगळं मनापासून केलं. सासू काही वाईट नव्हती. मरळ मासा शिजला तर त्याचा मऊ तुकडा सुनेच्या ताटात पडे, आणि कोणी म्हटलं की तुझी सून कामाला चुकार आहे, तर गुणाबाई त्या बाईच्या सात पिढ्यांचा आळस काढून दाखवी.

मात्र एक गोष्ट मैनानं कोणालाच सांगितली नव्हती. दुखणं यायच्या आधी तिला उजेड दिसे. आधी एक ठिपका. तिन्हीसांजेला तलावात पडलेल्या चांदणीएवढा. मग तो वाढत जाई, फुटलेल्या बांगडीसारखा दातेरी होई, लखलखत डोळ्याच्या एका कडेला सरके. त्या वेळी समोरच्या माणसाचा अर्धा चेहराच जाई. एकदा मंगलीला दूध पाजता पाजता लेकरालाच अर्धं तोंड नाही असं झालं, आणि ती घाबरून तिला चाचपत राहिली होती. हे सांगायचं कोणाला? दुसऱ्यांना दिसत नाही ते जिला दिसतं, तिच्याबद्दल गाव काय बोलतं हे तिनं ऐकलं होतं. पलीकडच्या टोल्याच्या वस्तीवरची एक बाई अशीच काहीबाही दिसतं म्हणाली, तर तिच्या हातचं पाणी प्यायचं लोकांनी सोडलं. तेव्हा डोकं दुखतं, एवढंच बरं.

त्यात आता पोटात तिसरा महिना होता.

हे घरात तिघांनाच माहीत होतं: तिला, सासूला आणि डोमाला, तिच्या नवऱ्याला. पाचवा महिना लागेपर्यंत पोट सांगायचं नाही, ही त्या गावची रीत. आणि नुसतं सांगायचं नाही एवढंच नव्हे. कोणी तोंडावर विचारलं, तर नाही म्हणायचं. नाही म्हणताना म्हातारी बाई पदराच्या टोकाला हळूच एक गाठ मारी. गाठ बघितली की विचारणारी समजायची ते समजून गप्प बसे, आणि ज्याची नजर लागायची भीती, तो मात्र ते 'नाही' ऐकून उलट्या पावली जाई. सगळ्या गावाला हे इतकं पाठ होतं की ह्यात खोटं बोलणं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

दोन वर्षांमागं मैनानं रीत मोडली होती. विहिरीवर पाणी ओढताना आळीतल्या आशाबाईनं विचारलं आणि आनंदाच्या भरात हिच्या तोंडून हो निघून गेलं. पंधरवडाही झाला नाही, पोट रिकामं झालं. गुणाबाई तिला एक शब्द लावून बोलली नाही. आपल्या लेकीसारखं तिला शेकलं, पाजलं. पण तेव्हापासून ती सुनेच्या पोटाची राखण करायला बसली, जशी उन्हात टाकलेल्या मासळीची कावळ्यांपासून करतात.

ह्या खेपेला डोकं मात्र फारच उठू लागलं. फागुन लागला, मोह फुलला, रानातून त्याचा गोड आंबूस वास गावात उतरू लागला, आणि मैना दोन दिवस उभी तर तिसऱ्या दिवशी आडवी. पोटात अन्न ठरेना. गुणाबाई डोमाला म्हणाली, अशानं त आतलं लेकरू उपाशी मरन. जा, दवाखान्यातून औषध आन.

बाजाराच्या गावी सरकारी दवाखाना होता, तीन कोसांवर. तिथं पुरुषानं जायचं, बाईचं दुखणं सांगायचं आणि बाटली घेऊन यायचं. बाईला बैलबंडीत घालून नेली म्हणजे ती मरायला टेकली, असा अर्थ गाव काढी. डोमा गेला. डॉक्टर नवा होता. चांदा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेल्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून तिकडची माणसं इकडं येऊ लागली होती. त्यातलाच हा एक पोरगेला डॉक्टर, पुण्याकडचा. त्यानं डोमाला प्रश्नांनी घामाघूम केलं. कोणती बाजू दुखते, किती वेळ, उलटी आधी होते की नंतर. डोमाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो जाळ्यावर असे तेव्हा ती पडलेली, आणि तो घरी येई तेव्हाही पडलेली.

घरी येऊन त्यानं आईला आणि बायकोला सगळं सांगितलं, वर हसला. "मलेच इचारून राह्यला, कोन्या बाजूनं दुखते. म्या सांगतलं, साहेब, माह्यं नाई दुखत."

"मंग?" आईनं विचारलं.

"मंग काय. म्हने, जिचं दुखते तिले आन. तुह्याकून काई समजत नाई."

गुणाबाईला हे आवडलं नाही. पण त्या आठवड्यात मैनानं पाणीसुद्धा ओकून टाकलं, आणि म्हातारीनं बंडी जुंपायला सांगितली. सून एकटी परक्या पुरुषापुढं कशी बसणार, म्हणून ती स्वतः निघाली. मंगली रडून रडून बंडीत चढली.

दवाखान्याच्या अंगणात चिंचेखाली डोमा बैलांपाशी थांबला. इसरू नावाचा कंपाउंडर तिथं असे. तो त्याच भागातला, सगळ्यांची बोली आणि सगळ्यांच्या रीती जाणणारा. पण त्या दिवशी तो औषधांची पेटी उतरवून घ्यायला सिंदेवाहीच्या स्टेशनावर गेला होता. आत डॉक्टर एकटाच.

मैना पदर नाकापर्यंत ओढून स्टुलावर बसली. खिडकीतून उजेड सरळ तोंडावर येत होता. तिनं काही म्हटलं नाही, फक्त डोळे बारीक केले. डॉक्टर उठला, खिडकीची एक फळी लावली, तिच्याकडं बघितलं, आणि दुसरीही लावली. खोलीत तलावाच्या तळासारखा हिरवट अंधार झाला. आजवर घरच्यांनी अंधार केला होता तो ती कण्हल्यावर. न सांगता कोणी केला नव्हता.

मग तो विचारू लागला. गुणाबाई उत्तर देई, आणि तो पुन्हा मैनाकडं वळून म्हणे, तुम्ही सांगा. एक-दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा गुणाबाई रागावून गप्प बसली.

"दुखायला लागायच्या आधी डोळ्यांपुढं काही येतं का?" त्यानं विचारलं. "काही चमकल्यासारखं?"

मैनानं मान वर केली. तिला वाटलं, ह्याला कोणी सांगितलं? मग वाटलं, सासू बाजूला आहे, काय म्हणेल. पण इतकी वर्षं जे गिळून धरलं होतं, ते विचारणारा माणूस समोर बसला होता आणि त्याच्या आवाजात भीती नव्हती. खोकला झाला का, ह्या चालीवर त्यानं विचारलं होतं.

"येते," ती म्हणाली. आणि मग तिला थांबताच येईना. ठिपका सांगितला, बांगडी सांगितली, लेकराचं अर्धं तोंड सांगितलं. तलावावर ऊन फुटतं तसं, पण डोळे मिटले तरी जात नाही, हे सांगितलं. डॉक्टरनं मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबल्यावर त्यानं टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं एक अर्धगोल दातेरी रेघ काढली.

"असं?"

मैनानं रेघेकडं बघितलं. मंगलीही टाचा उंचावून बघू लागली. मैनाच्या डोक्यातली, कोणाला न दिसणारी गोष्ट सरकारी कागदावर उतरली होती. तिनं मान डोलावली.

डॉक्टर म्हणाला, हे देवाचं नाही, भुताचं नाही, नजरेचं नाही. हा एक आजार आहे, आणि पुष्कळ लोकांना असतो. त्याच्या आईलाही होता. ती अंधारात पडून राही आणि तो नि त्याचे भाऊ चवड्यांवर चालत. ऐकून मंगली त्याच्याकडं अशी बघू लागली की जणू तो त्यांच्याच आळीतला निघाला. गुणाबाईचाही राग उतरला. ती पुढं होऊन म्हणाली, "बापा, तुह्या मायचं बरं झालं का मंग?" तो म्हणाला, तेव्हा औषध नव्हतं. आता आहे.

तो कपाटापाशी गेला. वरच्या फळीवर एक छोटी तपकिरी बाटली होती. त्यानं हात वर नेला, आणि हात तिथंच थांबला.

तो थांबलेला हात मैनानं बघितला.

"अं... एक विचारायचं राहिलं," तो वळून म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तो मैनाशी नाही, टेबलाशी बोलत होता. "ह्यांना दिवस गेलेले नाहीत ना?"

"नाई बापा," गुणाबाई ताबडतोब म्हणाली. "काईच नाई." आणि तिच्या बोटांनी पदराच्या टोकाला गाठ मारली, घट्ट, चांगली दिसेल अशी. आळीतली कोणतीही बाई असती तर तिथंच समजून गेली असती. इसरू असता तरी समजला असता. डॉक्टरनं एका म्हातारीला पदराशी चाळा करताना बघितलं.

तरी त्याला पुरतं पटलं नसावं. ह्या वेळी तो मैनाकडं बघून बोलला. "बाई, खरं ना? नक्की नाही?"

मैनाला दिसत होता तो अजून बाटलीजवळच असलेला हात. विचारण्याचा आणि बाटलीचा काहीतरी संबंध आहे, एवढं तिला कळलं. काय ते कळलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. हो म्हटलं तर हात खाली येईल, रिकामा. हो म्हटलं तर रीत मोडेल, आणि मागच्या खेपेला मोडली होती तेव्हा काय झालं हे तिच्या अंगाला माहीत होतं. ह्या दोन्हीतली कोणती गोष्ट आधी मनात आली, हे तिनं पुढं कितीदा तरी आठवून बघितलं.

तिनं पदराआडून मान हलवली. नाही.

डॉक्टरनं बाटली काढली. उजेड दिसला की लगेच एक गोळी जिभेखाली ठेवायची आणि पडून राहायचं; दुखणं चढल्यावर घेऊन उपयोग नाही. आठवड्यात किती घ्यायच्या हे बोटांवर मोजून दाखवलं, मैनाकडून परत मोजून घेतलं. एवढं नीट समजावून सांगणारा माणूस गुणाबाईनं जन्मात बघितला नव्हता. बंडीत बसताना ती मुलाला म्हणाली की पोरगा मोठा गुणाचा आहे, लगन झालं नसन त आपल्यातली पोरगी पाहू. डोमा हसून म्हणाला, "बाम्हनाले झिंगे खाऊ घालशीन का?" परतीच्या वाटेवर चौघंही बऱ्याच दिवसांनी हसली.

गोळी लागू पडली.

पाळीवर झिंगे उलटताना ठिपका आला. मैनानं गोळी जिभेखाली धरली आणि ढोलीआड जाऊन पडली. बांगडी फुटली, लखलखली, सरकली. मग ती वाट बघत राहिली. दुखणं आलं, दाराशी उभं राहिलं, आणि ओळख न दिल्यासारखं निघून गेलं. दिवस मावळायच्या आधी ती उठली. आपल्या पायांनी चुलीपाशी गेली, भात मांडला, लाखोरीच्या डाळीला फोडणी दिली. मंगली दोनदा येऊन तिच्याकडं बघून गेली. मग न कुजबुजता, चांगल्या खड्या आवाजात तिनं विचारलं, माय, मी वरडू का? मैना म्हणाली, वरड. आणि पोरगी अंगणभर ओरडत धावली, कोंबड्या चौफेर उधळल्या, आणि म्हातारी ओसरीवर बसून हसत राहिली.

त्या दिवसांत मैनाला घर नव्यानं दिसलं. नवरा जाळं विणताना ओठ मुडपतो, मंगलीला पुढचा दात येतो आहे. तिनं पोटातल्याशीही बोलायला सुरुवात केली, मनातल्या मनात. तोंडानं नाही, रीत होती. तुले अशी माय भेटन, ती त्याला म्हणे, उभी असनारी.

मोहाचा बहर जोरात होता. त्या आठवड्यात उजेड पुन्हा आला, आणि पुन्हा आला. तिनं बोटांवर मोजून दिल्या तेवढ्याच गोळ्या घेतल्या. एकही जास्त नाही. दुसऱ्या आठवड्यातली पहिली गोळी घेतल्यावर हातापायांची बोटं गार पडल्यासारखी झाली, मुंग्या आल्या. मग कंबर भरून आली. डोक्याकडं लक्ष होतं म्हणून तिनं कंबरेकडं बघितलं नाही. दुपारी ती टोपलं उचलायला वाकली आणि उभीच राहू शकली नाही.

गुणाबाईनं तिच्या पायाखालची लाल झालेली माती बघितली, आणि काय झालं ते कोणाला विचारलं नाही. सुईण आली. मंगलीला शेजारी पाठवलं. जे व्हायचं ते व्हायला फार वेळ लागला नाही. गुणाबाईनं ते एका नव्या मडक्यात ठेवलं, वर हळद टाकली, आणि सांदवाडीत केळीच्या बुडाशी स्वतः खड्डा केला. डोमा मदतीला गेला तर त्याला परत पाठवलं.

मग ती हात धुऊन येऊन सुनेच्या उशाशी बसली. बराच वेळ तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. आणि म्हणाली, "खरं सांगजो, माय. म्या काई बोलत नाई. कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई, आत्या."

"आठव बरं. इहिरीवर? आशाबाईले?"

"नाई जी. कोनालेच नाई."

म्हातारी मान हलवत राहिली. कुठून फुटलं, कोणाच्या कानावर गेलं, ह्याचाच ती हिशेब लावत राहिली, आणि तो लागत नव्हता. रीत तर ह्या वेळी पूर्ण पाळली होती.

अंगावरचं थांबेना आणि ताप चढला, तेव्हा डोमानं पुन्हा बंडी जुंपली. गुणाबाई आली नाही. तिच्यानं चालवत नव्हतं. दोन दिवसांत ती एकदम म्हातारी झाली होती. मंगली मायला सोडायला तयार नव्हती, तिला घेतलं.

डॉक्टरनं डोमाकडून ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. इसरूला त्यानं पाणी उकळायला सांगितलं, सुई दिली, पोट दाबून बघितलं; डोमाला बाहेर पाठवलं. मंगली मायच्या लुगड्याला धरून खाटेखाली बसली होती, ती त्याच्या ध्यानात आली नाही, किंवा आली तरी त्यानं तिला उठवलं नाही.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. आवाज चढला होता. "दोनदा विचारलं होतं. आणि तुम्ही दोघी..."

मैना छताकडं बघत राहिली.

तो खुर्ची ओढून बसला. चढलेला आवाज तसाच खाली आला. ती गोळी डोक्यातल्या शिरा आवळते, त्यानं सांगितलं. म्हणून दुखणं थांबतं. पण तीच गोळी पिशवीही आवळते. पोटात मूल असेल तर धोका. मूल गेलं ते त्यानंच, असं शपथेवर नाही सांगता येणार, पण त्याला स्वतःला शंका नाही. म्हणून तर विचारलं होतं.

मैनानं मान वळवली. "हे तवा काऊन नाई सांगतलं, डागतरसाहेब? धोका आहे मनून?"

बाहेर इसरू स्टोव्हला पंप मारत होता.

"तुम्ही नाही म्हणालात," तो म्हणाला. "नाही म्हटल्यावर कशाला सांगायचं, असं वाटलं. उगाच घाबराल." मग म्हणाला, "पण नाही का म्हणालात?"

तेव्हा मैनानं रीत सांगितली. पाचवा महिना, नजर, पदराची गाठ. विचारलं तर नाही म्हणायचं. सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टर ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या तोंडावर काहीतरी बदलत गेलं. आणखी कोणाकोणाला आपण हा प्रश्न विचारला, कोणाकोणाच्या नाहीवर विसंबून कोणतं औषध दिलं, हे तो बहुतेक आठवत होता.

मग तो उठला आणि तीच तपकिरी बाटली घेऊन आला. तिच्या हातात दिली, वर तिची बोटं मिटवली. "अंगावरचं थांबून चांगली हुशारी येईपर्यंत नको. मग घ्यायला हरकत नाही. पण ऐका. पाळी चार दिवस जरी पुढं गेली, तरी ह्या बाटलीला हात लावायचा नाही. मला सांगू नका. सासूला सांगू नका. कोणालाच सांगू नका. फक्त गोळी घेऊ नका. कळलं?"

"कळलं."

"परत म्हणून दाखवा."

तिनं परत म्हणून दाखवलं. त्यात रीतही मोडत नव्हती. इतकं सोपं होतं.

त्याला तो थांबलेला हात सांगावा, असं तिच्या ओठांशी आलं होतं. साहेब, म्या पाहलं होतं. पण तो तिच्याकडं इतक्या ओशाळ्या नजरेनं बघत होता, सगळा दोष रीतीवर आणि स्वतःवर वाटून घेऊन मोकळा झाला होता, की तिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. तिनं ते तसंच ठेवून बाटली मुठीत आवळली.

परतीच्या वाटेला बंडी सागाच्या रानातून चालली होती. पानगळ झालेली, त्यामुळं सावली नाही. डोमानं तणशीवर घोंगडं टाकलं होतं, वर ओल्या लुगड्याचा आडोसा बांधला होता. तो पुढं बसून बैलांना हाकत होता आणि मागं वळून बघायचं टाळत होता. मैना पडून होती. मुठीत बाटली. घरी गेल्यावर सासू दारात बसलेली असेल, आणि विचारेल, डॉक्टर काय म्हणाला. तिला काय सांगायचं? तुम्ही ज्या 'नाही'नं राखण केली, त्याच 'नाही'नं लेकरू नेलं, असं? ते ऐकून म्हातारी वाचायची नाही. नाही सांगितलं, तर जन्मभर ती विहिरीवरच्या बायकांची तोंडं बघत राहील, हिनं की तिनं म्हणून. आणि आपण केलं ते कोण सांगेल?

मंगली तिच्या कुशीत आडवी झाली होती. झोपली असेल असं मैनाला वाटलं. तिनं पोरीच्या घामेजल्या केसांवर हात ठेवला.

"माय."

"अं."

"तुले उजेड दिसते ते तू डागतरले सांगतलं होतं."

"हव."

"आजी बाजूले होती तरी सांगतलं. समदं सांगतलं."

मैनाचा हात केसांवरच राहिला. पुढं डोमानं बैलांना उगाच एक चाबूक ओढला. मंगली कोपरावर उठून बसली, आणि मायच्या तोंडाकडं, दोन्ही बाजूंकडं, नीट बघत तिनं विचारलं,

"मंग त्यानं पोटातल्या बाबूचं इचारलं, तवा तू नाई मनून मान काऊन हालवली?"